दोन बोटांची पांढरी पट्टी

"जरा पाय उचलतोस का?"

आफ्रा हे फरशीवर पालथी पडून म्हणाली. त्यामुळे बोलतोय कोण हे समोरच्याला कळायला वेळ लागला असणार. तिलाही माणूस दिसत नव्हता. दिसत होते ते फक्त त्याचे बूट: काळे, टाचेशी झिजलेले, आणि बाहेरच्या पावसाचं पाणी त्यांच्याभोवती साचलेलं. त्यातला डावा बूट बरोब्बर तिच्या खडूच्या खुणेवर होता.

"कुठला?" वरून विचारणा झाली.

"डावा."

डावा पाय वर गेला... आणि वरच राहिला. आफ्राने खुणेवर छोटा आरसा ठेवला, जमिनीलगत मांडलेल्या यंत्राच्या भिंगाला डोळा लावला, आकडा वहीत उतरवला. मग तोच आकडा उगाचच पुन्हा एकदा तपासला. रेगेन्सबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये रोज शेकडो प्रवासी येतात आणि माना वर करकरून नेमके तिच्या खुणांवर उभे राहतात. त्यांना हटकलं की ते ओशाळून चार पावलं बाजूला होतात. सांगितलं तेवढंच ऐकून एका पायावर उभा राहिलेला हा पहिलाच.

"ठेवू का आता?"

"ठेव. पण दुसरीकडे."

ती गुडघे झटकत उठली आणि मग तिला तो पुरता दिसला. काळ्या कॉर्डरॉयची घेरदार विजार, तसलंच जाकीट, हातात रुंद काठाची काळी हॅट, काखेत वेडीवाकडी काठी आणि पाठीवर कापडात गुंडाळलेलं गाठोडं. फिरस्ता कारागीर!

आमच्याकडे जर्मनीत अशी माणसं अजूनही रस्त्याने दिसतात. काम शिकून झालं की त्यांतली काही जण तीन वर्षं आणि वर एक दिवस घर सोडतात. जवळ फोन बाळगायचा नाही, एका जागी तीन महिन्यांहून जास्त राहायचं नाही, आणि आपल्या गावाभोवती पन्नास किलोमीटरच्या आत पाऊल टाकायचं नाही. हे सगळं पाळलं की नाही ते बघायला कुणी येत नाही. आणि म्हणूनच ते मोडणाऱ्याला जन्मभर मान वर करता येत नाही.

"सुतार की पाथरवट?" आफ्राने विचारलं.

"पाथरवट. क्विरिन नाव." त्याची नजर मात्र खांबावर होती. तिथे आमचा तो प्रसिद्ध देवदूत आहे, कानापर्यंत हसणारा. "हा कशाला हसतोय एवढा?"

"साडेसातशे वर्षं हसतोय. आजवर कुणी विचारलं नाही."

"विचारायचं काय त्यात? समोरच्या खांबावर मारियामाता उभी आहे ना. तिच्याकडे बघून हसतोय." क्विरिनने दोन्ही खांबांवरून नजर फिरवली. "तू मोजणारी दिसतेस. किती अंतर आहे गं दोघांत?"

"ते बाहेरच्यांना सांगत नाही आम्ही."

"मग आतला व्हायला काय करावं लागेल?"

आफ्राला हसू आलं. ते लपवायला ती यंत्राची तिपाई आवरू लागली. "मागच्या अंगणात जा. दगडकामाची कार्यशाळा आहे. मास्टर श्टाडलर म्हणून आहेत, मोठ्या मिशांचे. त्यांना विचार."

तो गेला. अंगणाच्या दारात उभा राहून त्याने जुन्या रीतीने, तोंडपाठ शब्दांत काम मागितलं, असं तिला नंतर कळलं. मास्टर श्टाडलर तरुणपणी स्वतः तीन वर्षं आणि एक दिवस भटकलेले. ते शब्द ऐकून त्यांच्या मिशा म्हणे थरथरल्या. ऑक्टोबर संपेपर्यंतचं काम त्यांनी तिथल्या तिथे देऊन टाकलं.

---

आफ्राचं काम तसं एकलकोंडं. कॅथेड्रलचा एकेक दगड मोजायचा, पावसाने कुठला किती खाल्ला ते लिहायचं आणि जो गेलाच असेल त्याच्या जागी नवा घडवण्यासाठी माप काढून द्यायचं. चार वर्षं ती हेच करत होती आणि तिला ते मनापासून आवडायचं. दगड खोटं बोलत नाही, आज एक आणि उद्या दुसरं असं करत नाही. माणसांबद्दल तिचा अनुभव इतका चांगला नव्हता.

क्विरिनला उत्तरेकडच्या मनोऱ्यावरचा एक दगडी फुलोरा घडवायला मिळाला. हातभर उंचीचा, मुडपलेल्या पानांचा. माप आफ्राचंच होतं. त्यामुळे दिवसातून एकदा त्याच्या कामाच्या ओट्यापाशी जाणं ओघानेच आलं. एकदाचं दोनदा कधी झालं, हे तिने वहीत लिहिलं नाही.

त्याच्याकडे फोन नव्हता, म्हणून त्याने निरोप धाडायची वेगळीच तऱ्हा काढली. तिच्या टेबलावर दगडाच्या ढलप्या येऊ लागल्या, वर पेन्सिलीने एखादी ओळ. "आज सूप पाणचट आहे. जेवायला येऊ नकोस." ती मुद्दाम गेली. सूप चांगलं दाट होतं. दुसऱ्या दिवशीच्या ढलपीवर होतं, "आलीस ना?"

"तुला कागद मिळत नाही का रे?" तिने विचारलं.

"कागद तू फेकून दिला असतास."

"ढलप्याही फेकते मी."

"मग टेबलाच्या खणात काय ठेवलंयस?"

मागे ओट्यावर वाकलेले मास्टर श्टाडलर उगाचच खोकले.

दुपारी दोघं दगडी पुलाकडे जात. तिथल्या धुरकट टपरीवरचे सॉसेज आणि आंबट कोबी पावात घालून घेत आणि दान्यूब नदीचं पाणी बघत खात. तो भटकंतीतल्या गोष्टी सांगे: कुठे गोठ्यात झोपला, कुठे एका म्हातारीने त्याला जावई समजून जेवू घातलं. ती ऐके. मोहरीची चटणी त्याच्या हनुवटीला लागलेली असे आणि ती ते त्याला अजिबात सांगत नसे.

"तुला कधी वाटत नाही का, की बस्स झालं? की एका जागी राहावं?" एकदा तिने विचारलं.

"वाटतं ना." त्याने पावाचा तुकडा बदकांना टाकला. "आधी कधी वाटलं नव्हतं. हल्ली... वाटतं."

तिने पावाचा मोठा घास घेतला, म्हणजे बोलावं लागू नये.

---

ऑक्टोबरच्या मध्यावर एक दिवस धुकं पार निवळलं. दोघं उत्तर मनोऱ्याला बांधलेल्या परांचीवर उभी होती. खाली लाल छपरं, आणि पूर्वेला, फार लांब, निळसर टेकड्यांची एक ओळ.

"त्यांच्या पलीकडे आमचं श्टाइनरीड," क्विरिन म्हणाला. आवाज एकदम मऊ झाला होता. "एक वर्ष दहा महिने झाले. आईने यंदा प्लमचा केक केला असेल... अजून चौदा महिने आहेत."

"एवढं जवळ?"

"जवळ कुठलं? एक्कावन्न किलोमीटर. मुद्दाम मोजलंय. या कॅथेड्रलवर काम करायचं लहानपणापासून मनात होतं, म्हणून निघायच्या आधीच मोजलं होतं. बघ ना."

त्याने जाकिटाच्या आतल्या खिशातून नकाशा काढला. हजारदा घड्या पडलेला, कडा मऊ झालेल्या. दोन वेगळे नकाशे एकमेकांना चिकटपट्टीने जोडलेले. पूर्वेच्या तुकड्यावर श्टाइनरीड, पश्चिमेच्या तुकड्यावर रेगेन्सबुर्ग. गाव मध्ये धरून पेन्सिलीने एक वर्तुळ काढलेलं, आणि कॅथेड्रल त्या वर्तुळाच्या जेमतेम बाहेर.

आफ्राने ते एकदा पाहिलं आणि नकाशा आणखी जवळ ओढला.

दोन्ही तुकड्यांच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक पांढरी पट्टी होती. दोन बोटं रुंद. छापील नकाशाला चारही बाजूंनी कोरी किनार असते. जोडताना ती कापून टाकावी लागते. त्याने कापली नव्हती. गाव आणि कॅथेड्रल यांच्यामध्ये त्याने दोन बोटं असा मुलूख घातला होता, जो पृथ्वीवर कुठेच नाही.

"सुंदर आहे ना?" क्विरिन म्हणाला. "बाबांनी दिले दोन्ही."

"हो," आफ्रा म्हणाली. "सुंदर आहे."

संध्याकाळी कचेरीतल्या संगणकावर तिने अंतर काढलं. सेहेचाळीस किलोमीटर आणि आठशे मीटर. तिने तीनदा काढलं. जगातली सगळी यंत्रं बिघडावीत असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं, पण ती बिघडली नाहीत.

---

सांगायला हवं होतं. त्याच संध्याकाळी, पळत जाऊन. आपल्या आफ्राने सांगितलं नाही.

सांगितलं की तो जाणार, हे तिला चांगलं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी नव्हे, त्याच दिवशी. आणि नाही सांगितलं तर अजून अठरा दिवस मिळत होते. कुणाचं काय बिघडत होतं? कुणी मोजायला येणार नव्हतं. ज्या गावात मोजणारी तीच होती, तिथे दुसरं कोण येणार? असं ती स्वतःला समजावत राहिली. मन मात्र तिला खात राहिलं. ढलपी आली की खणात ठेवताना तिचा हात थबकायचा. पुलावर तो हसला की तिला वाटायचं, हे हसू मी चोरून घेतेय.

नवव्या दिवशी फुलोऱ्याच्या तळाचं माप लागत होतं. तिने आकडा सांगितला. क्विरिनने दगडावर रेघ मारली आणि टाकी उचलली.

"अरे, तपासून तरी बघ," मास्टर श्टाडलर म्हणाले. "एकदा दगड गेला की गेला."

"तिने मोजलंय," क्विरिन सहज म्हणाला. "तिने मोजलेलं मी परत मोजत नाही, मास्टर."

आणि त्याने टाकीवर पहिला घाव घातला.

आफ्रा तिथून निघाली ती थेट कॅथेड्रलमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसली. पश्चिमेच्या काचांमधून लाल-निळा उजेड फरशीवर पडला होता. ती फरशी तिने इंच इंच मोजली होती. रडू येत नव्हतं, यायला हवं होतं. तासभर बसून ती उठली, कारण बसून राहण्याने काही बदलणार नव्हतं.

पाच वाजता कार्यशाळा रिकामी झाली. पत्र्यावर पाऊस वाजत होता. क्विरिन हत्यारं पुसत होता.

"नकाशा दे," ती म्हणाली.

त्याने दिला. तिने तो ओट्यावर पसरला, चिकटपट्टी हळूच सोडवली, पांढरी किनार मागे दुमडली आणि दोन्ही तुकडे एकमेकांना भिडवले. तुटलेले रस्ते जुळले. नदी जुळली. आणि श्टाइनरीड दोन बोटं जवळ आलं.

क्विरिनने जुळलेल्या रस्त्यावरून बोट फिरवलं. त्याला समजवावं लागलं नाही.

"किती?"

"सेहेचाळीस आठशे."

पाऊस वाजत राहिला. त्याचा चेहरा असा उतरला की तिला बघवेना.

"म्हणजे मी... इतके दिवस..." तो स्टुलावर बसला. "तुला आज कळलं?"

इथे एक "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं. आता खोटं कशाला सांगू, आफ्राने तो विचारही करून पाहिला.

"नाही. परांचीवर दाखवलास ना, तेव्हाच. नऊ दिवस झाले."

"नऊ दिवस? आणि तू गप्प बसलीस?"

"तू जाशील म्हणून." तिने बोटाला चिकटलेली चिकटपट्टी सोडवली. "मला तू हवा होतास, क्विरिन. आणखी थोडे दिवस. मला प्रेम झालंय आणि ते मला नीट करता आलं नाही, एवढंच. माप मी तुला कधी खोटं दिलं नाही. पण हे लपवलं."

तो रागावला असता, ओरडला असता, तर तिला बरं वाटलं असतं. त्याने नकाशाची घडी घातली, तशीच, नव्याने जुळलेली.

"इथे मला काही बोलता येत नाही," तो अखेर म्हणाला. "सकाळी निघतो."

आणि तो मास्टरांना सांगायला गेला.

---

त्या रात्री तिला झोप लागली नाही हे सांगायला नकोच. पण पहाटेपर्यंत नुसती कूस बदलत पडणाऱ्यांतली ती नव्हती. तीन वाजताच तिने दिवा लावला, आपल्या संगणकावर श्टाइनरीड मध्ये धरून पन्नास किलोमीटरचं वर्तुळ काढलं आणि ती रेघ कुठून जाते ते बघितलं. मग बराच वेळ बघतच राहिली. मग तिने मास्टर श्टाडलरांच्या घरची घंटा वाजवली.

मास्टर रात्रीच्या सदऱ्यात दारात आले. तिने सगळं सांगितलं, स्वतःची चूकही. त्यांनी मिशा चोळल्या.

"नऊ दिवस तोंडात मूग गिळून बसलीस तू? शोभत नाही तुला."

"माहीत आहे."

"आणि आता म्हणतेस, फुलोऱ्याचा दगड गाडीत घालू?"

"दगडाला कुठे बंदी आहे, मास्टर? त्याला घडवणारा भटकतोय, दगड नाही."

मास्टर मिशीत हसले. "पश्चिमेला, मारियाओर्टला माझ्या मेव्हण्याची वखार आहे," ते म्हणाले. "छप्पर गळतं थोडं. चालेल?"

---

क्विरिन अंगणाच्या दाराशी उभा होता. हॅट डोक्यावर, गाठोडं पाठीला. आफ्रा आली तेव्हा तिच्या हातात मोजणीचं छोटं यंत्र होतं.

"निरोप द्यायला आलीस?"

"नाही. सोडायला. पश्चिमेला जा. तिकडे लवकर बाहेर पडशील."

"किती लवकर?"

"तीन किलोमीटर आणि दोनशे मीटर."

तो थबकला. "फक्त?"

"घर पूर्वेला आहे ना तुझं. इथून पश्चिमेला निघालास की रेघ समोरच येते. चाल."

दोघं दान्यूबच्या काठाने चालू लागली. पाण्यावर धुकं होतं, विलो ओले होते, आणि त्यांच्या मधून एक बाई सायकल घेऊन गेली तेव्हा दोघं दोन बाजूंना झाली आणि मग पुन्हा जवळ आली. आफ्राला वाटत होतं, हा रस्ता लांबावा. आणि तीच दर थोड्या वेळाने यंत्रात डोकावून तो किती उरला ते बघत होती.

"रागावलायस?" तिने शेवटी विचारलंच.

"रागावलो होतो. रात्रभर." तो चालत राहिला. "मग वाटलं, तू न सांगताही राहू शकली असतीस. मला कधी कळलंही नसतं. मी म्हातारा होऊन पोराबाळांना सांगत बसलो असतो, एक नियम मोडला नाही म्हणून... इथले दिवस मी धरणार नाही, आफ्रा. तेवढे शेवटी जास्तीचे भटकेन."

"त्यातले नऊ माझ्यामुळे."

"नऊच. बाकीचे माझ्या न चालवलेल्या कात्रीमुळे."

ती हसली, आणि मग मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते यंत्राकडे बघायच्या निमित्ताने पुसलं. काल तिने जे म्हटलं होतं, त्यावर त्याने अजून एक शब्द काढला नव्हता. आता विचारायचा धीर तिला नव्हता.

"मारियाओर्टच्या देवळामागे वखार आहे," ती म्हणाली. "मास्टर दगड घेऊन तिकडे पोचले असतील. फुलोरा पुरा करायला तुला तीन आठवडे लागतील. ती जागा बाहेर आहे. मी तीनदा मोजली."

क्विरिन वाटेतच उभा राहिला. "दगड तिकडे नेला?"

"मापं तपासायला मला रोज यावं लागेल. नियमच आहे तसा. माझ्या खात्याचा."

"असा नियम आहे?"

"सकाळपासून."

त्याने हॅट मागे सारली आणि तिच्याकडे असं बघितलं की तिला यंत्रावरचे आकडे दिसेनासे झाले. "अजून किती?" त्याने विचारलं.

"चाळीस मीटर."

तो झपाझप चालू लागला. ती जवळजवळ धावतच त्याच्या मागे. वीस... दहा... समोर रानातली साधी पायवाट, एक कुंपणाचा खांब, ओलं गवत. तिथे दुसरं काही नव्हतं.

"आता?"

"अजून दोन पावलं... आता. बाहेर आहेस."

क्विरिनने गाठोडं खाली ठेवलं. हॅट काढली. आमच्याकडचा फिरस्ता देवळात आणि जेवणाच्या टेबलावर हॅट काढतो, भर रानात काढत नाही.

"काल तू म्हणालीस, तेव्हा मला उत्तर देता आलं नाही," तो म्हणाला. "तिथे मी असायलाच नको होतो. तिथे दिलेला शब्द धड माझा झाला नसता. म्हणून इथवर त्याबद्दल गप्प राहिलो. मलाही झालंय, आफ्रा. त्या पहिल्या दिवशी, एका पायावर उभा असतानाच. तीन आठवड्यांनी मला निघावं लागेल आणि मग वर्षभर, त्याहून जास्त, मला तुझ्या दारात येता येणार नाही. तू माझी वाट बघशील का?"

"नाही," आफ्रा म्हणाली.

त्याचा चेहरा पडला.

"वाट कशाला बघू? बंदी तुला आहे, मला नाही. तू जिथे असशील तिथून एक पत्र टाक, मी येईन."

आणि ती रेघ ओलांडून त्याच्याकडे गेली.